कॅज्युअल्टीतलं बारसं

आमचे सर आमच्याच कॅज्युअल्टीत, आमच्याच टेबलावर आडवे पडलेत, हार्टचे डॉक्टर भरलेलं इंजेक्शन हातात घेऊन उभे आहेत, आणि सरांच्या एका अंगाला मी अन् दुसऱ्या अंगाला कुंदासिस्टर अशा आम्ही दोघी नळावरच्या बायकांसारख्या भांडतोय, हे आठवलं की अजून मी आधी देवाला हात जोडते. आणि मग हसू येतं. ते इंजेक्शन गेलं असतं तर सर तिथल्या तिथे संपले असते. पण सर कोण होते आणि त्यांच्या उशाशी उभं राहून भांडायची आमची छाती कशी झाली, हे सांगितल्याशिवाय त्या भांडणाची मजा नाही.

उल्हासनगरात कॅम्प चारच्या बाजूला एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. वर वॉर्ड, खाली कॅज्युअल्टी. मी कात्रपची, बदलापूरहून यायची. नुकती डॉक्टर झालेली, त्यामुळे जगातलं सगळं वैद्यकशास्त्र माझ्या पर्समध्ये आहे असा माझा समज. सर कॅज्युअल्टीचे प्रमुख. अंबरनाथला राहायचे, स्कूटरवरून यायचे. वाळका, उंच माणूस. मे महिन्यातसुद्धा शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण लावलेलं. कोणी बोलायला लागलं की डोळे मिटून घ्यायचे. नवीन माणसाला वाटायचं, झोपले.

पहिल्याच दिवशी रिक्षातून एक बाई आली, पोट धरून. उजवीकडे खाली दुखतंय म्हणाली मात्र, मी ‘अपेंडिक्स’ म्हणून मोकळी.

सरांनी डोळे उघडले. “वा! बारसं उरकलंत? आम्हाला बोलावणंसुद्धा नाही?”

मला काही कळेना. मारुतीमामा, म्हणजे स्ट्रेचर ओढणारे आमचे वॉर्डबॉय, तोंडावर हात ठेवून हसायला लागले. बॉय कसले, नातवंडं होती त्यांना.

“अहो डॉक्टर,” सर म्हणाले, “आजाराला एकदा नाव पडलं ना, की तो त्याच नावानं मोठा होतो. सगळे त्याच नावानं हाका मारतात. मग कोणी त्याच्या तोंडाकडे नीट बघत नाही. नाव सगळ्यात शेवटी. आधी काय दिसलं ते बोला. हं, मारुतीमामा.”

“बाई एका जागी ठरत नाय. स्ट्रेचरवर सारखी मुरडते.”

“कुंदाबाई?”

“लघवी लालसर झाली म्हणते. ताप नाही.”

अपेंडिक्सचा पेशंट हलायला तयार नसतो, हे मलाही पाठ होतं. पण नाव घेऊन बसल्यावर डोळ्यांना तिचं मुरडणं दिसलंच नव्हतं. निघाला मुतखडा. आणि सरांनी मला शिक्षा फर्मावली. घाईनं बारसं करणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या कॅज्युअल्टीला घुगऱ्या आणायच्या! पहिल्या दिवशीच रात्री घरी हरभरे भिजत घालायला लागले. आई म्हणाली, “कोणाचं गं बारसं?” मी म्हटलं, “मुतखड्याचं.” तिनं कपाळाला हात लावला.

पुढं पुढं तर आमच्याकडे आठवड्यातून एखादं तरी बारसं व्हायचंच. केसपेपर काढणारी रीटा सिंधी होती. तिच्याकडून शिक्षेच्या घुगऱ्या आल्या की त्यात असं काही तिखट आणि आंबट पडलेलं असायचं की आम्ही तिला मुद्दाम विचारायचो, “रीटा, क्या लगता है, इसको क्या हुआ होगा?” ती हुशार. “मैं नहीं बोलेगी. मेरे को पता है तुम लोग को चने खाने का है.”

बोलायचा क्रमसुद्धा सरांनी लावून दिलेला होता. खालून वर. आधी मारुतीमामा, मग रीटा, मग सिस्टर, मग मी, आणि सर शेवटी. का? तर म्हणे, “मी आधी बोललो की तुम्ही सगळे मान हलवणार. नंदीबैल मला घरीसुद्धा नको आहे.” आम्हा सगळ्यांचं कधी एकमत झालंच तर हा माणूस खूश व्हायचा सोडून अस्वस्थ व्हायचा. येरझाऱ्या घालायचा. “कोणीतरी वेगळं बोला हो. एवढ्या डोक्यांत एक तरी तिरकं असेल ना?”

तिरकं डोकं शोधायला त्यांना लांब जायची गरज नव्हती, पण ते असो.

दुसरं वेड म्हणजे सांगितलेलं परत म्हणून घ्यायचं. “अर्धी ॲम्प्युल, हळूहळू, शिरेतून. आता तुम्ही सांगा.” आपण सांगायचं. मग ते म्हणणार, “बरोबर.” तोवर हात पुढं करायचा नाही. इथवर ठीक. पण ही सवय त्यांच्याबरोबर हॉस्पिटलच्या बाहेरही हिंडायची. हॉटेलात पोऱ्याला म्हणायचे, “दोन चहा, एक बिनसाखरेचा, पाणी आधी. आता तू सांग.” रिक्षावाल्याकडून पत्ता परत म्हणून घ्यायचे. त्यांच्या सौभाग्यवती एकदा मला म्हणाल्या, “लग्नात भटजींनी मंत्र सांगितला तर हे मुकाट्यानं म्हणाले, आणि मग भटजींना म्हणतात, आता अर्थ तुम्ही सांगा!” कॅम्प दोनमधला त्यांचा शिंपी तर वैतागून गेला होता. माप घेऊन झालं की सर त्याला म्हणायला लावायचे, कंबर किती, लांबी किती, खिसे कुठे. शेवटी तो टेप गळ्यात टाकून म्हणाला, “साईं, पैंट सिलवानी है या ऑपरेशन कराना है?” सर गंभीरपणे म्हणाले, “दोनों में काटने के बाद वापस नहीं जोड़ सकते.”

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली. एक हवालदार एका माणसाला बखोटीला धरून घेऊन आला. फर्निचर बाजारात झोकांड्या खात होता, लोकांच्या अंगावर जात होता. हवालदार दारातूनच ओरडला, “बेवडा आहे, टाका कोपऱ्यात!” मागून रिक्षावाला, “हां, बेवडा है.” मला वाटतं मीसुद्धा मनात तेच म्हटलं. सर डोळे मिटून उभे.

मारुतीमामा म्हणाले, “तोंडाला वास नाय.” रीटा म्हणाली, “इसके शर्ट के जेब में चीनी का पुड़ी है.” कुंदासिस्टर म्हणाल्या, “घामानं थबथबलाय, हात गार आहेत.” माझ्या तोंडून आपोआप निघालं, “साखर बघू या.” साखर पार तळाला गेलेली. डायबेटिसची गोळी घेऊन माणूस जेवायचा राहिला होता. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि तो उठून बसला. पहिला प्रश्न, “मेरा चप्पल किधर है?”

सर हवालदाराकडे वळले. “बारसं तुम्ही केलंत. उद्या घुगऱ्या.” आम्हाला वाटलं, आता हा आम्हालाच आत टाकतो. पण दुसऱ्या दिवशी तो स्टीलचा डबा घेऊन हजर! बायकोनं वर खोबरंसुद्धा पेरून दिलं होतं.

सगळं असं गोडीगुलाबीत चाललं असतं तर काय हवं होतं. ट्रस्टी वैतागलेले असायचे. त्यांतले थोरले शेठ एकदा खाली आले तेव्हा आम्ही एका पेशंटभोवती खालून वर बोलत होतो. शेठ म्हणाले, “डॉक्टरसाब, मरीज तड़प रहा है और आप लोग कीर्तन कर रहे हो?” सर म्हणाले, “साईं, कीर्तन में एक बोलता है, बाकी लोग डुलते हैं. अपने इधर सब बोलते.” शेठ वर गेले आणि तिथं कोणाला तरी सांगितलं की नीचेवाला डॉक्टर खिसका हुआ है. ते आमच्यापर्यंत चहाच्या आधी पोचलं.

आता कुंदासिस्टर. बाई कामाला वाघीण आणि तोंडाला त्याहून. माझं आणि त्यांचं पहिल्या महिन्यापासून वाजलेलं होतं, ते ब्लडप्रेशरच्या मशीनवरून. त्यांचं मशीन पाऱ्याचं, लाकडी पेटीतलं, जुनं. ते त्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मला ट्रस्टनं काट्याचं गोल मशीन दिलेलं. त्याला त्या ‘मॅडमचं घड्याळ’ म्हणायच्या. त्यांचा आकडा आणि माझा आकडा जरा वेगळा आला की झालं!

“मॅडम, तुमचं घड्याळ मागे पडलंय.”

“सिस्टर, तुमच्या पाऱ्याला म्हातारपण आलंय.”

दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात असतं तर कोणीतरी एकानं आपला आकडा गिळला असता, बहुधा सिस्टरनं, आणि पेपरवर डॉक्टरचा चढला असता. सर गिळू द्यायचे नाहीत. दोन्ही मोठ्यानं म्हणायला लावायचे आणि आम्हाला भांडू द्यायचे. त्या भांडणातून कधी काही निघालं नव्हतं. सरांची करमणूक तेवढी व्हायची, असं मला वाटायचं.

मग तो दिवस आला. नव्वदीची वर्षं अर्धीअधिक सरली होती, मला तिथं लागूनही काही वर्षं झाली होती. दुपारची वेळ, वीज गेलेली, जनरेटरचा धडधडाट. सर जेवून अंबरनाथहून परत आले आणि दारात स्कूटर स्टँडला लावता लावता तशीच सोडून दिली. स्कूटर धाडकन पडली. मारुतीमामांनी त्यांना धरून आत आणलं. चेहरा पांढराफटक, घाम. गळ्याशी असलेलं ते बटण त्यांनी स्वतः उघडलं होतं. ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

“ॲसिडिटी,” सर म्हणाले. “सुरण खाल्लं.”

एरवी अशा वेळी मारुतीमामांनी ‘सर, बारसं केलंत!’ म्हणून टाळी वाजवली असती. त्या दिवशी कोणी हसलं नाही. रीटानं वर फोन केला. हार्टचे डॉक्टर धावत खाली आले. चांगला, हुशार माणूस. त्यांनी कार्डिओग्राम काढला, पट्टी बघितली आणि म्हणाले, “हार्ट ॲटॅक. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन भरा. वेळ घालवू नका.”

त्यांचंही खरं होतं. ॲटॅकमध्ये मिनिटं मोलाची. इंजेक्शन उशिरा दिलं तर हृदय मरतं. आणि नाव पडलं होतं. तेही सगळ्यात वरच्या माणसाच्या तोंडून, सगळ्यात आधी.

आणि आम्ही गप्प झालो. बघा, इतकी वर्षं त्या माणसानं आम्हाला बोलायला शिकवलं, आणि तोच टेबलावर आडवा पडल्यावर आमच्या तोंडाला कुलूप. ‘हं, मारुतीमामा’ म्हणणारंच कोणी नव्हतं. मारुतीमामा सरांचे पाय चोळत उभे. रीटा तोंडाला ओढणी लावून रडतेय. मी मनातल्या मनात गणपतीला नवस बोलतेय. सर डोळे मिटून पडलेले. ते ऐकतायत की बेशुद्ध होतायत, तेही कळेना.

इंजेक्शन भरून झालं. देण्याआधी प्रेशर बघायचं म्हणून मी डाव्या हाताला माझं मशीन लावलं आणि सवयीनं मोठ्यानं म्हटलं, “एकशे दहा.”

पलीकडून कुंदासिस्टर. त्यांनी उजव्या हाताला त्यांची लाकडी पेटी लावली होती. “एकशे सत्तर.”

“एकशे दहा आहे, सिस्टर.”

“मॅडम, आज तरी ते घड्याळ बाजूला ठेवा हो! एकशे सत्तर आहे.”

“माझ्या कानांनी ऐकलंय मी!”

“मग माझे कान काय भाड्यानं आणलेत?”

हार्टचे डॉक्टर ओरडले, “अहो, तुम्ही भांडताय काय? कुठलं तरी एक सांगा!”

कुठलं तरी एक! तेवढ्यात सरांनी डोळे उघडले. बोलायचं त्राण नव्हतं. त्यांनी दोन बोटं हलवली, म्हणजे चालू द्या. जिवावर बेतलेलं असताना हा माणूस आम्हाला भांडायला सांगत होता! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि त्यानं मला आणखी राग आला.

“घ्या!” मी माझं मशीन उपटून सिस्टरच्या अंगावर जवळजवळ फेकलं. “लावा तुमच्या बाजूला. बघा मागे पडतं का!”

“आणि हे घ्या माझं. फोडू नका म्हणजे मिळवलं!”

आम्ही मशीनं बदलली. माझ्या घड्याळावर उजव्या हाताला एकशे सत्तर. त्यांच्या पाऱ्यावर डाव्या हाताला एकशे दहा.

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी त्यांच्याकडे. दोन्ही मशीनं चांगली होती. इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या मशीनचा उद्धार करत होतो, आणि आज फरक मशीनमध्ये नव्हता. तो सरांच्या अंगातच होता.

त्या शांततेत मारुतीमामांना कंठ फुटला. “सर स्कूटरवरनं उतरले तवा छातीला हात नव्हता. पाठीला व्हता. म्हणले, मामा, पाठीत काय तरी फाटल्यावानी झालं.”

“तुम्ही आधी का नाही बोललात?” हार्टचे डॉक्टर म्हणाले.

“मना कोनी इचारलं नाय.”

रीटा नाक पुसत म्हणाली, “और सर का आवाज बदला हुआ है. फोन करते टाइम मैंने सुना. बैठा हुआ आवाज.”

मी सरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे माझ्यावर होते. ओठ हलले. मी कान खाली नेला.

“आता करा बारसं,” सर म्हणाले.

मी ताठ उभी राहून मोठ्यानं म्हटलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटत चालली आहे, म्हणून डाव्या हाताला रक्त कमी पोचतंय. कार्डिओग्राम ॲटॅकसारखा दिसेल, पण ॲटॅकचं हे इंजेक्शन दिलं तर रक्त कुठेच थांबणार नाही.

हार्टच्या डॉक्टरांनी ते इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं आणि ट्रे स्वतःच्या हातानं दूर सारला. त्या माणसाचा मोठेपणा मी कधी विसरणार नाही. “जनरेटरवर एक्स-रे चालतो का बघा,” एवढंच ते म्हणाले. एक्स-रेत छातीचा मधला भाग नको तेवढा रुंद दिसला. प्रेशर उतरवायचं औषध चालू करून आम्ही सरांना ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. हार्टचे डॉक्टर, सिस्टर आणि मी सोबत. वाटेत सिस्टर उजवा हात धरून बसल्या होत्या, मी डावा. ठाण्यापर्यंत एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही. ठाण्यानंतर त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सर्जन खूश झाले. वेळेत आणलंत, म्हणाले. वहीत लिहायला त्यांना एक नाव हवं होतं. “निदान कोणी केलं?”

हार्टचे डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी सिस्टरकडे. सिस्टर म्हणाल्या, “कोणी एकानं नाही केलं. आमचं भांडण झालं, त्यातून ते निघालं.” सर्जननी चष्मा काढून आम्हा तिघांना नीट बघून घेतलं, आणि पुढं काही विचारलं नाही.

ऑपरेशन फार वेळ चाललं. सर वाचले. हे एका वाक्यात लिहिलं मी, पण त्या बाकावर बसून आम्ही काय भोगलं ते आमचं आम्हाला माहीत.

बऱ्याच महिन्यांनी सर कॅज्युअल्टीत आले. आता पेशंट बघायची परवानगी नव्हती. नुसते भेटायला आले होते. आधीच वाळके, त्यात निम्मे झालेले. बटण गळ्यापर्यंत. त्यांना खुर्ची दिली. चहा आला. सगळ्यांची चौकशी झाली. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मला एक विचारायचंय. त्या दिवशी मी कसा दिसत होतो? खरं सांगायचं. हं, मारुतीमामा.”

मारुतीमामांनी आधी जमिनीकडे पाहिलं. “सर, तुमी घाबरले व्हते.”

रीटा म्हणाली, “आपने मेरे को अपने घर का फोन नंबर दो बार बोला. फिर बोला, अब तुम बोलो.”

कुंदासिस्टर म्हणाल्या, “माझा हात सोडत नव्हतात. मला पंप दाबता येईना.”

मी म्हटलं, “सर, डोळे उघडलेत तेव्हापासून तुम्ही सारखे आमच्या तोंडांकडे बघत होतात. एकेकाच्या.”

सर डोळे मिटून ऐकत होते. आता त्यांची पाळी. बोलले तेव्हाही डोळे मिटलेलेच होते.

“घाबरलो होतो,” सर म्हणाले. “दुखण्याचं मला कळलं होतं काय आहे ते. पाठीत फाटलं तेव्हाच कळलं. ॲसिडिटी म्हणालो ते स्वतःची समजूत घालायला. पण मी सांगितलं असतं तर पेशंट घाबरून बरळतोय म्हणाले असते. मग मी तुमची वाट बघत बसलो. आणि तुम्ही सगळे गप्प. तेव्हा वाटलं, संपलं. इतकी वर्षं केलं ते माझ्या धाकानंच चाललं होतं, आणि मी आडवा झालो की यांच्यातलं कोणी तोंड उघडायचं नाही.”

रीटा परत रडायला लागली. मारुतीमामांनी उगाचच सरांचा पाय चोळायला घेतला.

मग कुंदासिस्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “गप्प? ही बाई? सर, तुमचा अंदाज चुकला बघा.”

सर हसायला लागले. छातीवरचा व्रण ओढला जायला लागला, तशी दोन्ही हातांनी छाती धरून हसत राहिले. आणि हसता हसताच म्हणाले, “थांबा, थांबा, दुखतंय. पण थांबू नका.”